उन्नो जूझा : विज्ञानकल्पित आणि सत्ता

जपानी विज्ञानसाहित्याचे जनक म्हणून उन्नो जूझा (१८९७-१९४९) यांचा उल्लेख केला जातो. त्यांची वाङ्मयीन कारकीर्द एका अंतर्विरोधाने व्यापलेली आहे. विज्ञान सत्तेच्या हाती गेले म्हणजे माणसाचे काय होते, हे ज्यांनी १९३७ मध्ये कथारूपाने दाखविले, त्यांचीच लेखणी पुढे युद्धखोर सत्तेच्या सेवेत रुजू झाली. हा अंतर्विरोध त्यांच्या जडणघडणीतून आणि जपानच्या तत्कालीन परिस्थितीतून समजून घ्यावा लागतो.

उन्नो यांचे मूळ नाव सानो शोइचि. २६ डिसेंबर १८९७ रोजी शिकोकु बेटावरील तोकुशिमा येथे वैद्यकीची परंपरा असलेल्या घराण्यात त्यांचा जन्म झाला. बालपणीच ते कोबे येथे आले. वासेदा विद्यापीठात विद्युत अभियांत्रिकीचे शिक्षण घेतल्यावर दळणवळण मंत्रालयाच्या विद्युत प्रयोगशाळेत ते अभियंता म्हणून रुजू झाले. बिनतारी संदेशवहन हा त्यांच्या संशोधनाचा विषय होता. त्यांच्या लेखनात विज्ञान येते ते केवळ ग्रंथांतून नव्हे, तर प्रत्यक्ष व्यवसायातून.

१९२८ मध्ये ‘शिन्सेइनेन’ या मासिकात सार्वजनिक स्नानगृहातील विद्युत-स्नानामुळे घडलेल्या गूढ मृत्यूची त्यांची कथा प्रसिद्ध झाली. एदोगावा राम्पो यांच्यासारखे लेखक ज्या मासिकातून पुढे आले, ते हे नियतकालिक प्रामुख्याने रहस्यकथेचे होते. विज्ञानकथेला त्या काळी स्वतंत्र व्यासपीठ नव्हते. त्यामुळे तिने रहस्यकथेचा आश्रय घेतला. शेरलॉक होम्सच्या नावाशी खेळून घडविलेला त्यांचा होमुरा सोरोकु हा गुप्तहेर या संकराचेच अपत्य होय.

१९३७ मधील ‘अठरा वाजताचे संगीतस्नान’ ही त्यांच्या प्रतिभेची सर्वांत लक्षणीय निर्मिती म्हणावी लागेल. या कथेतील राष्ट्रात प्रत्येक नागरिकाला रोज सायंकाळी ठरावीक संगीत ऐकण्याची सक्ती असते. त्या ध्वनिलहरींच्या प्रभावाने मने एकाच साच्यात ओतली जातात. राजनिष्ठा आणि कार्यक्षमता वाढते. परंतु सत्ताधीशाला तेवढ्याने समाधान होत नाही. तो मात्रा वाढवीत जातो आणि प्रजेचे शरीर-मन ढासळत जाते. ध्वनिप्रक्षेपणाचे तंत्र जाणणाऱ्या अभियंत्यानेच ही कल्पना करावी, यात तिचे खरे बळ आहे.

त्याच वर्षी चीनशी युद्ध पेटले. रहस्यकथेवर नियंत्रणे वाढत गेली. राष्ट्राला विज्ञानसज्ज करणाऱ्या किशोर-कादंबरीला मात्र उत्तेजन मिळाले. १९३८ मध्ये तरंगत्या विमानतळ-बेटाची कादंबरी आणि १९३९-४० मध्ये ‘मंगळ-सेना’ यांनी उन्नो यांना अफाट बालवाचक मिळवून दिला. अर्थात हे सारे केवळ दडपणाखाली घडले असे म्हणता येत नाही. तोक्योवरील हवाई हल्ल्याचे कल्पित त्यांनी १९३२ मध्येच रंगविले होते. देश वैज्ञानिकदृष्ट्या बेसावध आहे, ही त्यांची मनापासूनची चिंता होती. सत्तेची गरज आणि लेखकाची श्रद्धा येथे एकत्र आली.

१९४२ मध्ये नौदलाच्या वार्ताहर-पथकातून ते राबाउलपर्यंत गेले. १९४४ च्या अखेरीपासून त्यांनी तोक्योवरील हवाई हल्ल्यांची दैनंदिनी लिहिली. कथेत योजलेली आग आता स्वतःच्या शहरावर कोसळत होती. ऑगस्ट १९४५ मध्ये पराभव समोर दिसताच त्यांनी सहकुटुंब आत्मघाताचा निश्चय केला. पुढे तो सोडून दिला. युद्धोत्तर काळात क्षयाने पोखरलेल्या शरीराने ते लिहीत राहिले. १७ मे १९४९ रोजी, वयाच्या ५१ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

त्यांच्या कथांवर वाढलेल्या बालवाचकांपैकी तेझुका ओसामु यांनी युद्धोत्तर जपानी चित्रकथेला नवे रूप दिले. उन्नो यांची युद्धकालीन दैनंदिनी १९७१ मध्ये ग्रंथरूपाने आली, तर १९८८ पासून समग्र साहित्य प्रसिद्ध होऊ लागले. त्यामुळे त्यांचे मूल्यमापन केवळ द्रष्टा किंवा केवळ प्रचारक अशा एका शब्दात करणे अशक्य झाले. विज्ञानकथेचे श्रेय भाकिते खरी ठरण्यात शोधण्याची प्रथा आहे. उन्नो यांच्या बाबतीत हा निकष अपुरा पडतो. तोक्योवरील हल्ल्याचे त्यांचे भाकीत खरे ठरले. परंतु त्यांच्या साहित्याचे चिरंतन मूल्य संगीतस्नानाच्या कथेत आहे, कारण तेथे लेखकाची शंका सत्तेकडे वळलेली आहे. ती शंका युद्धकाळात मावळली, हीच त्यांच्या कारकिर्दीची शोकांतिका होय.