पाहिले तेच सांगितले

लंडन शहराच्या दक्षिणेस ‘क्रिस्टल पॅलेस’ नावाचा लोखंडाचा व काचेचा एक भव्य प्रासाद होता. १८५१ साली भरलेल्या मोठ्या औद्योगिक प्रदर्शनासाठी तो प्रथम उभारण्यात आला, आणि पुढे सिडनॅम येथील टेकडीवर हलवून पुन्हा बांधण्यात आला. ३० नोव्हेंबर १९३६ च्या रात्री या प्रासादास आग लागली. ज्वाला दूरदूरच्या वस्त्यांतून दिसू लागल्या. सायंकाळची वृत्तपत्रे छापून झाली होती आणि सकाळची निघण्यास पुष्कळ अवकाश होता. अशा वेळी तेवीस वर्षांचा एक तरुण वार्ताहर गर्दीतून वाट काढीत आगीजवळ पोहोचला. तेथल्या एका दूरध्वनीवरून, डोळ्यांसमोर दिसत असलेले दृश्य त्याने नभोवाणीच्या श्रोत्यांना सांगण्यास प्रारंभ केला. त्याच्या शब्दांबरोबर लोकांचा कोलाहल आणि अग्निशामक बंबांच्या घंटाही घरोघर ऐकू आल्या. त्या तरुणाचे नाव रिचर्ड डिम्बल्बी.

रिचर्ड यांचा जन्म २५ मे १९१३ रोजी, लंडनजवळील रिचमंड या गावाच्या परिसरात झाला. त्यांच्या घराण्यात आजोबांपासून वृत्तपत्राचा व्यवसाय चालत आला होता. त्यामुळे बातमी कशी मिळवावी, ती कशी पारखावी आणि कशी लिहावी, याचे बाळकडू त्यांना घरातच मिळाले. मिल हिल येथील शाळेतील शिक्षण पूर्ण होताच, १९३१ साली ते घरच्या वृत्तपत्रात काम करू लागले. पुढे त्यांनी अन्य वृत्तपत्रांतही अनुभव घेतला. परंतु त्यांचे मन नभोवाणीकडे ओढ घेत होते.

त्या काळी बी. बी. सी. या ब्रिटिश नभोवाणी संस्थेत बातम्या देण्याची रीत फार साधी होती. वृत्तसंस्थांकडून आलेला मजकूर निवेदक आपल्या खोलीत बसून वाचून दाखवीत असे. ही रीत बदलली पाहिजे, असे रिचर्ड यांना वाटू लागले. नभोवाणीचे स्वतःचे वार्ताहर असावेत, त्यांनी घटनेच्या जागी जावे, स्वतः पाहावे आणि पाहिलेले आपल्या आवाजात सांगावे, अशी सूचना त्यांनी त्या संस्थेस पत्राने केली. १९३६ साली त्यांना तेथे नोकरी मिळाली, आणि त्याच वर्षी लागलेल्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीने त्यांच्या कल्पनेची सत्यता सर्वांना पटवून दिली.

१९३९ साली दुसरे महायुद्ध सुरू झाले. रिचर्ड हे बी. बी. सी. चे पहिले युद्धवार्ताहर ठरले. प्रथम ते सैन्याबरोबर फ्रान्समध्ये गेले आणि नंतर ईजिप्त व त्याच्या आसपासच्या रणक्षेत्रांवर गेले. तेथे त्यांना एक कडू अनुभव आला. कैरो येथील सेनाकचेरीतून मिळणाऱ्या माहितीवर त्यांची काही वार्तापत्रे आधारलेली होती. प्रत्यक्ष परिस्थितीपेक्षा ती अधिक आशादायक आहेत, अशी टीका होऊ लागली. अखेर १९४२ साली त्यांना मायदेशी परत बोलावण्यात आले. दुसरा एखादा खचून गेला असता. रिचर्ड मात्र पुन्हा उभे राहिले. जानेवारी १९४३ मध्ये ते लँकेस्टर जातीच्या बॉम्बफेकी विमानात बसून बर्लिनवरील हल्ल्याबरोबर गेले. खाली शत्रूच्या तोफा आग ओकीत होत्या. प्रकाशझोत आकाशात विमानांचा शोध घेत होते. त्या प्रवासातून ते सुखरूप परतले आणि जे पाहिले ते त्यांनी श्रोत्यांना सांगितले. अशी सुमारे वीस उड्डाणे त्यांनी केली. ऐकीव माहितीच्या आधारे घरबसल्या बोलण्याचा मार्ग त्यांनी स्वीकारला नाही.

त्यांच्या आयुष्यातील सर्वांत कठीण कसोटी एप्रिल १९४५ मध्ये आली. जर्मनीतील बर्गेन-बेल्सन येथे नाझींची एक छळछावणी होती. दैनंदिनी लिहिणारी अ‍ॅन फ्रँक ही मुलगी त्याच वर्षी, सुटकेच्या थोडेच आधी, येथेच मरण पावली. १५ एप्रिल रोजी ब्रिटिश सैन्याने ही छावणी मुक्त केली. सैन्यापाठोपाठ रिचर्ड आत गेले. नभोवाणीचा दुसरा कोणताही वार्ताहर त्यांच्यापूर्वी तेथे गेलेला नव्हता. आत सुमारे साठ हजार कैदी होते. उपासमारीने आणि रोगांनी त्यांची शरीरे अस्थिपंजर झाली होती. हजारो प्रेते दफनावाचून उघड्यावर पडली होती. कित्येक रणभूमी पाहिलेल्या या माणसालाही ते दृश्य असह्य झाले. वृत्तान्त ध्वनिमुद्रित करताना त्यांचा कंठ पुनःपुन्हा दाटून आला आणि त्यांना मध्येच थांबावे लागले.

वृत्तान्त लंडनला पोहोचला. परंतु तो ऐकून तेथील अधिकारी स्तंभित झाले. मनुष्य मनुष्याशी इतके क्रूर वर्तन करू शकेल, यावर त्यांचा विश्वास बसेना. अन्य मार्गांनी खात्री होईपर्यंत वृत्तान्त प्रसारित करू नये, असे त्यांच्या मनाने घेतले. रिचर्ड यांच्या पुत्राने पुढे लिहिलेल्या चरित्रातून कळते, की या वेळी रिचर्ड यांनी निर्वाणीचा इशारा दिला : हे शब्द लोकांपर्यंत जाणार नसतील, तर आपण पुन्हा कधीही नभोवाणीवर बोलणार नाही. अखेर १९ एप्रिल रोजी तो वृत्तान्त काहीसा संक्षिप्त करून प्रसारित झाला. जगाने तो ऐकला आणि जग हादरले. सत्य कितीही भयंकर असले, तरी ज्याने ते पाहिले त्याने ते सांगितलेच पाहिजे, हे कर्तव्य रिचर्ड यांनी त्या दिवशी पार पाडले.

युद्ध संपल्यावर त्यांनी नोकरी सोडली व स्वतंत्रपणे काम करण्यास आरंभ केला. याच सुमारास ब्रिटनमध्ये दूरचित्रवाणीचा प्रसार होत होता. या नव्या माध्यमात निवेदकाचे काम निराळे असते. चित्र प्रेक्षकास दिसतच असते. तेव्हा कोठे बोलावे आणि कोठे मौन पाळावे, याचे तारतम्य लागते. हे तारतम्य रिचर्ड यांच्या अंगी पुरेपूर होते. २ जून १९५३ रोजी राणी दुसरी एलिझाबेथ हिचा राज्यारोहण समारंभ लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबी या प्राचीन मंदिरात झाला. त्याचे निवेदन रिचर्ड यांनी केले. दोन कोटींहून अधिक लोकांनी तो समारंभ दूरचित्रवाणीवर पाहिला. घरी संच नसलेले कित्येकजण शेजाऱ्यांकडे दाटीवाटीने बसले होते. त्या सुंदर निवेदनामागे दीर्घ परिश्रम होते. मानकरी कोण, वस्त्रे कोणती, प्रत्येक विधीचा अर्थ काय, याचा रिचर्ड यांनी आधी बारकाईने अभ्यास करून टिपणे केली होती, आणि त्या दिवशी पहाटेच ते आपल्या जागी हजर झाले होते. राजघराण्याविषयी बोलताना त्यांची भाषा फार भारदस्त होते, अशी टीका काही जण करीत. परंतु त्यांच्या मेहनतीविषयी कोणालाही शंका नव्हती.

१९५५ पासून ते ‘पॅनोरमा’ या साप्ताहिक कार्यक्रमाचे सूत्रसंचालन करू लागले. लोकांचा त्यांच्यावर किती विश्वास होता, याची एक गमतीदार साक्ष आहे. १ एप्रिल १९५७ रोजी या कार्यक्रमात स्वित्झर्लंडमधील एक दृश्य दाखविण्यात आले. त्यात एक कुटुंब झाडांवरून स्पॅगेटीचे पीक तोडीत होते! स्पॅगेटी म्हणजे गव्हाच्या पिठाचा, आपल्या शेवयांसारखा एक पदार्थ. त्या काळी ब्रिटनमधील पुष्कळांना तो परिचित नव्हता. रिचर्ड यांनी अत्यंत गंभीर आवाजात त्या पिकाचे वर्णन केले. ती एप्रिल महिन्याच्या पहिल्या दिवशीची थट्टा होती. पण अनेकांना ती खरी वाटली, आणि काहींनी तर ते झाड कसे लावावे अशी विचारणाही केली. रिचर्ड सांगतात त्या अर्थी ते खरेच असले पाहिजे, असे लोक धरून चालत. असा विश्वास एका दिवसात मिळत नाही. वर्षानुवर्षे खरे बोलून तो जोडावा लागतो.

१९६० साली त्यांना कर्करोग झाल्याचे निदान झाले. तरीही पाच वर्षे ते काम करीत राहिले. ३० जानेवारी १९६५ रोजी विन्स्टन चर्चिल यांच्या अंत्ययात्रेचे निवेदन त्यांनी केले, तेव्हा व्याधी त्यांच्या शरीरात होतीच. प्रेक्षकांना मात्र त्याची कल्पना नव्हती. त्या काळी कर्करोगाचे नाव उच्चारण्यासही लोक कचरत. रोगी ते लपवीत आणि नातलग कुजबुजत. १९६५ च्या अखेरीस रिचर्ड आणि त्यांच्या कुटुंबीयांनी ही रीत मोडली. आपल्याला कर्करोग झाला आहे, हे त्यांनी उघडपणे जाहीर होऊ दिले. त्यांना हजारो पत्रे आली. ज्या दुखण्याविषयी बोलण्याचे धैर्य अनेकांना होत नव्हते, त्याला त्यांच्यामुळे वाचा फुटली. २२ डिसेंबर १९६५ रोजी, वयाच्या अवघ्या बावन्नाव्या वर्षी, लंडनमधील सेंट थॉमस रुग्णालयात त्यांचे निधन झाले.

पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाने कर्करोगग्रस्तांच्या साहाय्यासाठी एक निधी स्थापन झाला. डेव्हिड आणि जोनाथन या त्यांच्या दोन पुत्रांनी निवेदनाच्याच क्षेत्रात कीर्ती मिळविली. वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये थोर कवींच्या स्मारकांसाठी राखलेला एक कोपरा आहे. तेथे १९९० साली रिचर्ड डिम्बल्बी यांच्या नावाचीही शिला बसविण्यात आली. त्यांनी महाकाव्य रचले नव्हते की राज्य जिंकले नव्हते. आगीपाशी, छळछावणीत, राजमंदिरात आणि स्वतःच्या रोगशय्येवर, जे पाहिले आणि जे अनुभवले ते त्यांनी लोकांपासून लपवून ठेवले नाही. म्हणूनच त्यांच्या शब्दाला मोल आले.