आचऱ्याचे कानविंदे

आचरा म्हटले की आपल्याला रामेश्वराचे देऊळ आठवते आणि गावपळण. दर तीन-चार वर्षांनी अख्खा गाव घरे रिकामी करून तीन दिवस वेशीबाहेर झोपड्यांत राहतो. मालवण तालुक्यातल्या या गावी १९१६ साली अच्युत पुरुषोत्तम कानविंदे जन्मले. स्वतंत्र भारताच्या पहिल्या पिढीतले ते आघाडीचे वास्तुरचनाकार.

वडील चित्रकार. मुलगा मुंबईच्या जे. जे. मध्ये वास्तुकला शिकला. १९४५ साली सरकारने त्यांना हार्वर्डला पाठवले. तिथे वॉल्टर ग्रोपिअस गुरू लाभले. परतल्यावर वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे ते मुख्य वास्तुरचनाकार झाले. नव्या देशाला प्रयोगशाळा हव्या होत्या, त्या उभारण्याचे काम त्यांच्याकडे आले. १९५५ मध्ये शौकत राय यांच्यासह त्यांनी दिल्लीत स्वतंत्र व्यवसाय सुरू केला.

बँकेत असताना कर्जाच्या फायलींतून मी कितीतरी इमारतींचे नकाशे पाहिले. चौरस फूट असत, दर असत. आतल्या माणसाला वारा कुठून मिळणार, हे क्वचितच दिसे. कानविंद्यांचा विचार या वाऱ्याला सोडून नव्हता. कानपूरच्या आयआयटीत त्यांनी इमारती छताच्या उंच वाटांनी जोडल्या, म्हणजे उत्तरेकडच्या उन्हात विद्यार्थी सावलीतून जावा. मेहसाण्याच्या दूधसागर डेअरीत गरम हवा बाहेर जावी म्हणून उंच धुराड्यांसारखे मनोरे उभारले. ऊन हवा वर चढते, हे आपल्या आज्यांना चुलीपाशी ठाऊक होते. त्यांनी ते कारखान्यात नेले.

वास्तुरचनाकार राजकारणात गेल्याची उदाहरणे जगात आहेत. बार्सिलोनाचे पुईग इ कादाफाल्क १९०१ साली नगरसेवक झाले आणि पुढे कातालोनियाच्या प्रादेशिक कारभाराचे प्रमुख. कानविंद्यांची ओळख निवडणुकीतून झाली नाही. तरीही त्यांचे बहुतेक आयुष्य सार्वजनिक पैशाच्या कामात गेले. त्या पैशाचा हिशेब त्यांनी विद्यार्थ्याच्या आणि कामगाराच्या सोयीत दिला, असे मी मानतो.

डिसेंबर २००२ मध्ये ते गेले. आपल्या किनाऱ्यावर आता कौलांच्या जागी स्लॅब येत आहेत. नगरपालिकेपुढे किंवा ग्रामपंचायतीपुढे नकाशा येतो तेव्हा जिना मोजला जातो, गाडीची जागा मोजली जाते. आषाढातला पाऊस कुठून आत येईल आणि वैशाखातला उकाडा कुठून बाहेर जाईल, हेही कुणी विचारावे. निवडून दिलेल्या माणसांकडे एवढे मागायला काय हरकत आहे?