रायपूरच्या वाटेवरील मोहोळ

इसवी सन १८७७ मध्ये कलकत्त्याचे वकील विश्वनाथ दत्त आपल्या व्यवसायानिमित्त मध्यप्रांतातील रायपूर येथे राहत होते. काही काळाने त्यांनी कुटुंबास तेथे बोलावून घेतले. रायपूरपर्यंत तेव्हा रेल्वे पोहोचली नव्हती. अलाहाबाद, जबलपूर करीत नागपूर गाठावयाचे आणि तेथून पंधरवड्याहून अधिक काळ बैलगाडीने घनदाट अरण्यातून जावयाचे, असा तो प्रवास होता. आई भुवनेश्वरीदेवी व धाकटी भावंडे यांना घेऊन निघालेला ज्येष्ठ पुत्र नरेंद्र त्या वेळी चौदा वर्षांचा होता. हाच पुढे स्वामी विवेकानंद या नावाने जगास परिचित झाला.

वाटेचे कष्ट त्या वनशोभेपुढे त्याला जाणवले नाहीत. एके दिवशी गाड्या डोंगरांच्या अगदी पायथ्याने चालल्या होत्या. चरित्रकार या डोंगरांस विंध्य म्हणतात. त्या बाजूस सातपुडा व मैकल यांच्या रांगा आहेत, परंतु नावाचा वाद येथे नको. दोन्ही बाजूंची शिखरे जणू एकमेकांस भेटावयास पुढे सरसावली होती. त्यांतील एका कड्यास वरपासून खालपर्यंत प्रचंड भेग पडलेली होती आणि त्या भेगेत एक अतिविशाल मधाचे मोहोळ लोंबत होते. ते एका ऋतूचे काम नव्हे. मधमाश्यांच्या कित्येक पिढ्यांचे श्रम तेथे साठले होते. या माश्यांच्या राज्याचा आरंभ कोठे, अंत कोठे, असा विचार करता करता नरेंद्राचे मन त्रिभुवनाच्या नियंत्याच्या अनंत शक्तीत बुडून गेले आणि बाह्य जगाचे भान हरपले. गाडीत तो एकटाच असल्याने कोणास हे कळलेही नाही. भानावर आला तेव्हा ते स्थान फार मागे राहिले होते.

रायपुरात त्याच्या योग्यतेची शाळा नव्हती. पिताच गुरू झाला. घरी येणाऱ्या विद्वानांच्या चर्चेत मुलाला बसवावे, त्याचे मत विचारावे, ही विश्वनाथबाबूंची रीत होती. बुद्धिबळ आणि स्वयंपाक हेही तो तेथेच शिकला. १८७९ मध्ये कुटुंब कलकत्त्यास परतले. १८८१ मध्ये श्रीरामकृष्णांची भेट झाली.

सृष्टीत ईश्वराचा हात एकदा दिसला म्हणजे पुढील वाट सुखाची होते, असा समज असेल तर १८८४ चे वर्ष पाहावे. फेब्रुवारीत पिता अकस्मात निवर्तला. घरात अन्न नाही, दारात सावकार. नोकरीसाठी उपाशीपोटी, अनवाणी, भर उन्हात हिंडून नरेंद्राच्या पायांस फोड आले. ऑक्टरलोनी स्मारकाच्या सावलीत तो बसला असता एका मित्राने, वाऱ्याच्या झुळकेत परब्रह्माची कृपा वाहते अशा आशयाचे पद म्हटले. सांत्वनासाठीच म्हटले, पण नरेंद्रास ते घावासारखे लागले. ज्यांच्या घरची माणसे भुकेने तळमळत नाहीत त्यांना असला वारा गोड लागतो, अशा अर्थाचे कडवट उत्तर त्याने दिले. त्या उत्तरास नास्तिक्य म्हणणे अन्यायाचे होईल. भुकेल्या मातेचा चेहरा डोळ्यांपुढे असता दुसरे काय सुचावे?

त्याच वर्षीच्या पावसाळ्यात दिवसभर उपाशी राहिलेला, भिजून चिंब झालेला नरेंद्र रात्री एका परक्या घराच्या ओट्यावर निश्चेष्ट पडला. तेथे मनावरील पडदे एकामागून एक सरल्यासारखे झाले. ईश्वराचा न्याय, त्याची करुणा आणि जगातील दुःख यांचा मेळ त्यास उमगला. उठला तेव्हा शरीरास शीण नव्हता, रात्र संपत आली होती. अन्नाचा प्रश्न मात्र सकाळी होता तसाच होता.

ऑगस्ट १८९० मध्ये गुरुबंधू अखंडानंदांसह अलमोड्याकडे जाताना काकडीघाट येथे ते पिंपळाखाली ध्यानास बसले. गीतेच्या दहाव्या अध्यायात भगवंतांनी वृक्षांमध्ये आपली विभूती म्हणून सांगितलेला वृक्ष तोच. अणू आणि ब्रह्मांड यांची रचना एकच आहे, हा त्या दिवशीचा बोध त्यांनी वहीत टिपून ठेवला. मोहोळाच्या छोट्या घरांतून विश्वाच्या स्वामीकडे गेलेल्या मुलाचे मन तेव्हा सत्तावीस वर्षांचे झाले होते.

त्या वनातील कडा नेमका कोणता, हे दाखविणारी खूण नाही. रायपुरात मात्र बूढा तलावास विवेकानंद सरोवर म्हणतात आणि पाण्यामध्ये स्वामीजींचा पुतळा आहे. बैलगाडीने जेथे पोहोचावयास पंधरवडा पुरला नव्हता, त्या नगराच्या विमानतळासही २०१२ पासून त्यांचेच नाव आहे.