दवाखान्याची पायरी चढवणाऱ्या डॉ. रखमाबाई

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपल्याकडे म्हणतात. सव्वाशे वर्षांपूर्वी घरातल्या बाईच्या बाबतीत दवाखान्याच्या पायरीलाही हाच नियम लावला जाई. बाळंतपण व्हायचे ते घरातल्या अंधाऱ्या खोलीत, सुईणीच्या हातून. दवाखान्यात गेलेले माणूस परत येत नाही, अशी पक्की समजूत होती. या दोन्ही पायऱ्या चढलेली एक मराठी स्त्री म्हणजे डॉ. रखमाबाई. कोर्टातल्या रखमाबाई पुष्कळांना ठाऊक आहेत. त्यांच्यावर पुस्तके आहेत, चित्रपटही निघाला. त्यानंतर जवळपास ३५ वर्षे ज्यांनी स्त्रियांचे दवाखाने चालवले, त्या रखमाबाईंबद्दल मात्र फारसे बोलले जात नाही. आज त्यांच्याविषयी.

रखमाबाईंचा जन्म २२ नोव्हेंबर १८६४चा, मुंबईतला. त्या लहान असतानाच वडील जनार्दन पांडुरंग वारले. आई जयंतीबाईंचे वयही तेव्हा जेमतेम सतरा. त्यांच्या जातीत पुनर्विवाहाला मुभा होती. काही वर्षांनी जयंतीबाईंचा विवाह डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी झाला. डॉ. सखाराम हे नावाजलेले डॉक्टर आणि वनस्पतिशास्त्राचे अभ्यासक. १८८३ साली स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संस्थापकांत त्यांचा समावेश होता. रखमाबाईंना वाचनाची गोडी याच घरात लागली.

वयाच्या अकराव्या वर्षी त्यांचे लग्न दादाजी भिकाजी यांच्याशी लावून दिले गेले. लग्नानंतर त्या माहेरीच राहिल्या. मोठ्या झाल्यावर त्यांनी नांदायला जाण्यास नकार दिला. १८८४ साली दादाजींनी मुंबई हायकोर्टात दावा लावला. १८८५मध्ये न्या. पिन्हे यांनी रखमाबाईंच्या बाजूने निकाल दिला, तो अपिलात टिकला नाही. मार्च १८८७मध्ये न्या. फॅरन यांनी हुकूम केला, की एकतर नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. रखमाबाईंनी तुरुंगाची तयारी दाखवली. लोकमान्य टिळकांसह अनेकांनी त्यांच्यावर कडक टीका केली. अखेर १८८८मध्ये दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली. या खटल्याने उठलेल्या वादळाचा १८९१च्या संमतिवयाच्या कायद्यात मोठा वाटा होता. कोर्टाची गोष्ट इथे संपते.

मुंबईत १८८६ साली कामा रुग्णालय सुरू झाले होते. पेस्तनजी होरमसजी कामा यांच्या देणगीतून उभ्या राहिलेल्या या रुग्णालयात स्त्रियांवर स्त्री डॉक्टर उपचार करत. तिथल्या प्रमुख डॉ. एडिथ पीची यांनी रखमाबाईंना डॉक्टर होण्यासाठी पाठबळ दिले. १८८९ साली त्या इंग्लंडला गेल्या आणि लंडनच्या स्त्रियांसाठीच्या वैद्यकीय शाळेत दाखल झाल्या. १८९४मध्ये ब्रसेल्सची एम.डी. मिळवून त्यांचे शिक्षण पुरे झाले. त्यांच्याहून काही महिन्यांनी लहान असलेल्या आनंदीबाई जोशी १८८६ साली अमेरिकेत डॉक्टर झाल्या, कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्री विभागाची जागाही त्यांच्यासाठी ठरली होती. पण १८८७च्या फेब्रुवारीत क्षयाने त्यांना नेले. महाराष्ट्रातल्या स्त्री डॉक्टरने प्रत्यक्ष रुग्णालय चालवायचे काम रखमाबाईंच्या वाट्याला आले.

परत आल्यावर कामा रुग्णालयात थोडा काळ काम करून त्या सुरतेला गेल्या. तिथे स्त्रियांच्या रुग्णालयाची जबाबदारी त्यांच्यावर आली आणि पुढची सुमारे बावीस वर्षे त्या सुरतेतच राहिल्या. स्त्रियांसाठी वेगळे रुग्णालय ही त्या काळाची मोठी गरज होती. पुरुष डॉक्टरने बाईला तपासणे सभ्य घरात चालत नसे. १८८५ साली सुरू झालेल्या डफरिन फंडातून देशभर स्त्रियांची रुग्णालये निघाली ती याच कारणाने. आपल्या अमरावतीत आणि सोलापुरात आजही लोक डफरिन रुग्णालय म्हणतात, ते त्याच नावावरून.

पण इमारत उभी राहिली म्हणजे रुग्ण येतात असे नाही. सुरतेच्या रुग्णालयात बाळंतपणासाठी कोणी येईना. इथे रखमाबाईंची एक गोष्ट सांगितली जाते. त्यांनी एक गाभण शेळी रुग्णालयात आणवली आणि तिथेच तिचे बाळंतपण केले. शेळी आणि तिचे पिल्लू दोन्ही सुखरूप आहेत हे गावाने पाहिले. त्यानंतर बायका हळूहळू येऊ लागल्या. गोष्ट ऐकून हसू येते. पण आरोग्य शिक्षणाचा यापेक्षा सोपा धडा मला तरी माहीत नाही. भीती घालवायला भाषण पुरत नाही, डोळ्यांदेखत काहीतरी सुखरूप पार पडावे लागते.

ही भीती केवळ अडाणीपणाची नव्हती, हे डॉक्टरांनीही समजून घ्यायला हवे. एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या मोठमोठ्या प्रसूतिगृहांत घरच्यापेक्षा जास्त बाळंतिणी दगावत. व्हिएन्नाच्या रुग्णालयात शवविच्छेदन करून आलेले डॉक्टर तसेच बाळंतिणीला तपासत आणि सूतिकाज्वर पसरत असे. १८४७ साली इग्नाझ सेमेलवाइस यांनी क्लोरिनच्या द्रावणात हात धुणे सक्तीचे केले आणि मृत्यू झपाट्याने घटले. त्यांचे म्हणणे त्यांच्या हयातीत फार थोड्यांनी ऐकले. पुढे पाश्चर आणि लिस्टर यांच्या कामानंतर जंतूंची कल्पना रुजली. रखमाबाई लंडनला शिकायला गेल्या तोवर हात, हत्यारे आणि कपडे निर्जंतुक ठेवणे हा प्रसूतिशास्त्राचा पाया झाला होता.

त्या काळच्या डॉक्टरच्या हाताशी काय होते? प्रतिजैविके नव्हती, पेनिसिलिन रुग्णांपर्यंत पोहोचले ते १९४०च्या दशकात. रक्तपेढी नव्हती. १९०१ साली लँडस्टायनर यांनी रक्तगट शोधेपर्यंत रक्त देणे म्हणजे जुगारच होता. सिझेरियन हा शेवटचा आणि फार धोक्याचा उपाय. हाताशी होते ते स्वच्छ पाणी, कार्बोलिक, उकळलेली हत्यारे, क्लोरोफॉर्म, चिमटे आणि अनुभवी हात. एवढ्यावरही फरक पडत असे. कारण बाळंतपणात बाई मरते ती मुख्यतः अतिरक्तस्राव, जंतुसंसर्ग, वाढलेला रक्तदाब व झटके, आणि अडलेली प्रसूती यांमुळे. यातला जंतुसंसर्ग निव्वळ स्वच्छतेने पुष्कळसा टळतो आणि अडलेली प्रसूती वेळेत ओळखली तर आईला वाचवता येते.

रुग्णालयावरचा विश्वास किती नाजूक असतो हे त्याच सुमारास दिसले. १८९६ साली मुंबईत प्लेग शिरला. रुग्णांना घरातून उचलून नेले जाते, परत येते ते प्रेत, अशा अफवा उठल्या आणि ऑक्टोबरमध्ये गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला. पुण्यात १८९७ साली तपासणीसाठी सोल्जर घराघरांत शिरले, त्याचा परिणाम इतिहासात नोंदलेला आहे. सुरतेतही प्लेग आला. रखमाबाई काम सोडून गेल्या नाहीत. ज्या डॉक्टरला लोक आधीपासून ओळखतात, तिचेच साथीत ऐकले जाते. कोविडच्या काळातही हाच अनुभव आला. ज्या गावाने आपल्या आशाताईवर आणि प्राथमिक आरोग्य केंद्रावर विश्वास ठेवला होता, तिथे लसीकरणाचे काम सोपे गेले.

१९०४ साली दादाजी वारले. त्यानंतर रखमाबाईंनी पांढरी साडी नेसायला सुरुवात केली. ज्या लग्नाला त्यांनी कोर्टात नाकारले, त्याचे वैधव्य त्यांनी का पाळावे, याचे अनेकांना कोडे पडते. कारण काहीही असो, त्यांनी पुन्हा लग्न केले नाही आणि आयुष्य रुग्णालयालाच दिले.

सुरतेनंतर त्यांना सरकारच्या महिला वैद्यकीय सेवेत येण्याचे बोलावणे होते. ते नाकारून त्या राजकोटच्या जनाना रुग्णालयात रुजू झाल्या. तिथे सुमारे बारा वर्षे मुख्य वैद्यकीय अधिकारी म्हणून काम करून १९३०च्या सुमारास निवृत्त झाल्या. राजकोटमध्ये रेडक्रॉसचे काम सुरू करण्यातही त्यांचा पुढाकार होता. निवृत्तीच्या सुमारास त्यांनी पडदापद्धत बंद व्हावी म्हणून पुस्तिका लिहिली. पडद्याआडच्या बायकांना आयुष्यभर तपासलेल्या डॉक्टरचे ते मत होते. २५ सप्टेंबर १९५५ रोजी, वयाच्या एक्क्याण्णवाव्या वर्षी, मुंबईत त्यांचे निधन झाले.

आज चित्र बदलले आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार २००५-०६मध्ये देशात शंभरातली ३९ बाळंतपणे आरोग्य संस्थेत होत. २०१९-२१मध्ये हा आकडा ८९पर्यंत गेला. महाराष्ट्रात तो ९५च्या घरात आहे. २०१८-२०च्या नोंदीनुसार दर एक लाख जिवंत जन्मांमागे देशात ९७ माता दगावतात, महाराष्ट्रात ३३.

मग उरलेल्या का येत नाहीत? सरकारी रुग्णालयात काम करताना जी कारणे ऐकू येतात ती पैशांची कमी आणि वागणुकीची जास्त असतात. गाडी मिळाली नाही, रात्री कोणी नव्हते, हे तर असतेच. पण मागच्या खेपेला कोणी ओरडले होते, सोबत आईला आत सोडले नाही, आडोसा नव्हता, तपासताना काय करताहेत ते सांगितले नाही, हेही तितकेच असते. बाई एकदा दुखावली की पुढच्या खेपेला ती, तिची जाऊ आणि शेजारीणही उशिरा येते. अतिरक्तस्रावात तासाभराचा उशीर जिवावर बेततो. म्हणून प्रसूतिकक्षातला आडोसा, सोबतीला घरची बाई आणि दोन गोड शब्द यांची गणना मी औषधांतच करतो.

घरच्यांनीही काही गोष्टी लक्षात ठेवाव्यात. गरोदरपणात नियमित तपासणी करावी, बाळंतपण कुठे करायचे ते आधी ठरवावे, १०८ आणि १०२ हे क्रमांक भिंतीवर लिहून ठेवावेत. अंगावरून रक्त जाणे, डोके फार दुखणे, डोळ्यांपुढे अंधारी, झटके, ताप किंवा बाळाची हालचाल कमी होणे, यातले काहीही दिसले तर सकाळची वाट न पाहता निघावे.

रखमाबाईंना रुग्णालयात बाळंतपण सुखरूप होते हे शेळीवरून पटवून द्यावे लागले. आज ते काम प्रत्येक सुखरूप घरी परतणारी बाळंतीण करते. तिला कसे वागवले, हे ती गावात सांगतेच.