भूगर्भशास्त्रज्ञ दाराशॉ वाडिया

बारडोलीचे नाव निघताच १९२८ चा सत्याग्रह डोळ्यांपुढे उभा राहतो. परंतु आमच्याच सुरत जिल्ह्याने भूगर्भशास्त्रासही एक थोर पुरुष दिला, त्याची आठवण आम्ही क्वचितच काढतो. दाराशॉ नौशेरवान वाडिया यांचा जन्म १८८३ साली सुरतेस एका पारशी कुटुंबात झाला. वडील रेल्वेत स्टेशनमास्तर होते. बडोद्याच्या कॉलेजात शिक्षण पुरे करून १९०७ मध्ये ते जम्मूच्या प्रिन्स ऑफ वेल्स कॉलेजात अध्यापक झाले. सवड मिळताच तेथील डोंगर पायी पालथे घालावे, हाच त्यांचा छंद. हिंदुस्थानच्या भूगर्भरचनेवरील त्यांचा प्रसिद्ध ग्रंथ १९१९ साली निघाला. १९२१ मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्यात त्यांची नेमणूक झाली. युरोपातील पदवी नसताना तेथे अधिकारी झालेले ते पहिलेच हिंदी गृहस्थ. त्या काळी विलायती शिक्क्याचे महत्त्व किती होते, हे ध्यानी घेता ही गोष्ट लहान नव्हे.

त्यांची खरी कसोटी लागली ती वायव्य काश्मिरात. हंदवाड्याच्या बाजूस त्यांना कॅम्ब्रियन कालखंडातील खडक आढळले. गाळाचे दगड झालेले थर, मधून मधून चुनखडीचे पट्टे, आणि त्या थरांत ट्रायलोबाइटचे अवशेष! हे प्राणी तीन भागांत विभागलेल्या कवचाचे, खेकडा व विंचू यांच्या दूरच्या गोत्रातले, समुद्रात राहणारे. ते हिमालयाच्या कुशीत सापडावेत, याचाच अर्थ सुमारे पन्नास कोटी वर्षांपूर्वी तेथे समुद्र होता. आमच्या जिल्ह्यात तडकेश्वरच्या परिसरातही जीवाश्म सापडतात. पण त्यांचे वय पाच कोटी वर्षांच्या आसपास, म्हणजे जवळजवळ दहापट कमी. वाडियांनी त्या जुन्या थरांपासून ट्रायॅसिक काळापर्यंतचा क्रम लावून १९३४ साली प्रसिद्ध केला. जीवाश्मांची शास्त्रीय तपासणी केंब्रिजचे रीड यांनी केली.

नंगा पर्वताजवळ हिमालयाच्या रांगा गुडघ्यासारख्या का वळतात, याचाही उलगडा वाडियांनी केला. भारतीय भूखंडाचे एक टोक उत्तरेकडे घुसल्यामुळे डोंगरांना त्याभोवती वळण घ्यावे लागले, असे त्यांनी दाखविले.

१९३८ नंतर काही वर्षे ते सिंहलद्वीपात सरकारी खनिजशास्त्रज्ञ होते. स्वतंत्र भारतात अणुखनिजांच्या शोधाचे काम त्यांच्याकडे आले. १९५७ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना सदस्य करून घेतले. १५ जून १९६९ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या प्रेरणेने निघालेली हिमालयीन भूविज्ञान संस्था आज डेहराडून येथे त्यांचेच नाव धारण करून आहे.