वाळूवरच्या चार रेघा

मित्रांनो, आधीच सांगते, मी बालवाडीपासून कॉन्व्हेंटची. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका दिसल्या तर संपादक मंडळाला बोला, मला नको. मराठी विभागासाठी काहीतरी लिही म्हणून रूममेट महिनाभर मागे लागली होती. विषय मिळाला तो मामाच्या दुकानात.

दिवाळीच्या सुट्टीत मामाकडे गेले होते. मामाचं रेडिमेड कपड्यांचं छोटं दुकान आहे. त्याने नवीन बिलिंग सॉफ्टवेअर आणि स्कॅनर घेतला होता. मोठ्या कंपन्यांच्या मालावर बारकोड असतोच, पण सुटे टॉवेल, परकर, लहान मुलांचे फ्रॉक यांच्यावर काहीच नसतं. त्यांना लेबलं आपणच छापायची. भाची इंजिनीअरिंगला आहे म्हटल्यावर काम अर्थातच माझ्या गळ्यात पडलं. मी स्टिकरचे ए-फोर कागद आणले, घरच्या इंकजेटवर अडीचशे लेबलं छापली आणि ऐटीत चिकटवून टाकली. दहातलं एखादंच लेबल बीप व्हायचं! शाई कागदात फुटून बारीक रेघा एकमेकींना चिकटल्या होत्या. मामा रागावला नाही, माझ्यासाठी चहा मागवला. तेच जास्त लागलं.

त्या रात्री या रेघा मुळात कोणाच्या डोक्यातून निघाल्या ते वाचायला बसले आणि नॉर्मन जोसेफ वुडलँड हा माणूस सापडला.

वुडलँड यांचा जन्म ६ सप्टेंबर १९२१ रोजी अमेरिकेत अटलांटिक सिटीला झाला. लहानपणी ते बॉय स्काउटमध्ये होते, तिथे मोर्स कोड शिकले. दुसऱ्या महायुद्धात ओक रिजला, म्हणजे चक्क अणुबॉम्बच्या प्रकल्पात, तांत्रिक सहायक होते. युद्ध संपल्यावर फिलाडेल्फियाच्या ड्रेक्सेलमधून १९४७ साली मेकॅनिकलची डिग्री घेतली (मेकवाल्यांनो, कॉलर ताठ करा). तिथे असताना त्यांनी लिफ्टमध्ये वाजणाऱ्या संगीताची एक नवी पद्धत तयार केली होती. सिनेमाच्या फिल्मवर आवाज जसा उमटवतात आणि प्रकाशाने वाचतात, त्याच धर्तीवर एका फिल्मवर अनेक ट्रॅक. पण वडिलांनी साफ नकार दिला. त्या धंद्यात गुंडांचं राज्य आहे अशी त्यांची समजूत होती. झालं, मुलगा पुन्हा कॉलेजात, मास्टर्स करायला आणि शिकवायला. घरच्यांमुळे प्लॅन बदलणं ही आपलीच खासियत आहे असं मला वाटायचं.

१९४८ साली त्यांचा मित्र बर्नार्ड सिल्व्हर याच्या कानावर एक संभाषण पडलं. फूड फेअर नावाच्या किराणा दुकानांच्या साखळीचे प्रमुख कॉलेजच्या डीनना विनवत होते, की काउंटरवर मालाची नोंद आपोआप होईल असं काहीतरी तुमच्या मुलांकडून करून घ्या. डीननी ते मनावर घेतलं नाही. सिल्व्हरने घेतलं आणि येऊन वुडलँडना सांगितलं. मला या दोघांचं इथे सगळ्यात कौतुक वाटतं. सिलॅबसमध्ये नाही, मार्क नाहीत, कोणी सांगितलेलंही नाही, आणि तरी ते भिडले.

पहिला प्रयत्न अतिनील प्रकाशात चमकणाऱ्या शाईचा होता. शाई महाग, शिवाय फिकी पडायची. पण वुडलँड इतके पेटले होते की नोकरी सोडून मायामी बीचला आजोबांच्या घरी जाऊन राहिले. १९४९ च्या सुरुवातीला एके दिवशी समुद्रकाठी खुर्चीत बसून विचार करताना त्यांनी चार बोटं वाळूत खुपसली आणि आपल्याकडे ओढली. चार रेघा उठल्या. मोर्समध्ये टिंब आणि रेघ असते, तसं इथे बारीक रेघ आणि जाड रेघ का नको? लगेच तीच बोटं त्यांनी गोल फिरवली. रेघांची वर्तुळं केली तर कुठल्याही बाजूने वाचता येतील, हा हिशेब. पेटंटचा अर्ज २० ऑक्टोबर १९४९ ला केला, पेटंट ७ ऑक्टोबर १९५२ ला मिळालं.

मधल्या काळात, १९५१ साली, वुडलँड आयबीएममध्ये लागले. बिंगहॅम्टनच्या घरी दोघांनी वाचक यंत्र बांधलं. टेबलाएवढा आकार, आत ५०० वॅटचा बल्ब, परतणारा प्रकाश टिपायला फोटोमल्टिप्लायर ट्यूब, आणि सिग्नल बघायला ऑसिलोस्कोप. यंत्र चाललं, पण बल्बच्या उष्णतेने कागदच करपू लागला! तत्त्व अगदी बरोबर होतं, पण लेसर यायचा होता १९६० साली आणि परवडणारा छोटा कॉम्प्युटर त्याच्याही नंतर.

आयबीएमला पेटंट हवं होतं, पण भाव पटला नाही. शेवटी १९६२ मध्ये फिल्कोने ते १५ हजार डॉलरला घेतलं आणि पुढे आरसीएकडे गेलं. एवढ्या शोधाचे दोघांना मिळालेले पैसे ते एवढेच. १९६३ साली सिल्व्हर गेला, अवघ्या ३८ व्या वर्षी. बारकोड दुकानात वाचला जाताना त्याने पाहिलाच नाही. हे वाचून मी लॅपटॉप बंद करून थोडा वेळ नुसती बसून राहिले. १९६९ ला पेटंटची मुदतही संपली.

माझ्या अडीचशे लेबलांचं उत्तर मला पुढच्या भागात मिळालं. १९७२ च्या जुलैत आरसीएने सिनसिनाटीच्या एका क्रोगर दुकानात ती गोल चिन्हं वापरून पाहिली. छपाईत कागद ज्या दिशेने धावतो त्या दिशेला शाई थोडी ओढली जाते, त्यामुळे वर्तुळं बिघडायची. त्यांना सगळीकडूनच सारखी जाडी लागते ना. आयबीएममध्ये हे काम जॉर्ज लॉरर यांच्याकडे होतं. त्यांनी वर्तुळ सोडलं आणि उभ्या रेघा घेतल्या. रेघेच्या लांबीच्या दिशेने कागद पळवला तर शाई ओढली गेली तरी रेघ फक्त लांब होते, जाड होत नाही. वुडलँड तोपर्यंत त्याच कंपनीच्या नॉर्थ कॅरोलिनातल्या कामात सामील झाले होते. आपल्या लाडक्या वर्तुळाला निरोप देताना त्यांना काय वाटलं असेल, देव जाणे. ३ एप्रिल १९७३ ला अमेरिकेच्या किराणा उद्योगाने रेघांचाच कोड निवडला. २६ जून १९७४ ला ओहायोतल्या ट्रॉय गावी, मार्श सुपरमार्केटमध्ये, रिग्लीच्या च्युइंगमचं ६७ सेंटचं पाकीट पहिल्यांदा स्कॅन झालं.

मीही मग शहाणी झाले. मामाने रिबनचा छोटा थर्मल प्रिंटर घेतला. बिनरिबनचा स्वस्त पडतो, पण त्याचा कागद उन्हाने फिका पडतो आणि मामाचा अर्धा माल दारात टांगलेला. त्या प्रिंटरचे मिलिमीटरला आठ ठिपके असतात, म्हणून बारीक रेघ पूर्ण दोन ठिपक्यांची ठेवली. रेघा कागद सरकतो त्याच दिशेत, आणि दोन्ही बाजूंना कोरी जागा सोडली. दिवाळी म्हणून मामाला रेघा लाल हव्या होत्या, पण स्कॅनरचा प्रकाशच लाल, त्याला लाल रेघ पांढऱ्या कागदासारखीच दिसते. मामा मुकाट्याने काळ्यावर आला.

वुडलँडना १९९२ साली राष्ट्रीय तंत्रज्ञान पदक मिळालं. २०११ मध्ये अमेरिकेच्या शोधकांच्या मानाच्या यादीत त्यांचं नाव लागलं, सोबत सिल्व्हरचंही, मरणानंतर ४८ वर्षांनी. ९ डिसेंबर २०१२ ला, ९१ व्या वर्षी वुडलँड वारले. तेव्हा मी पहिलीत होते आणि वहीत रेघा ओढायला शिकत होते.

दुकानातली जुनी अडीचशे लेबलं मी नखांनी खरवडून काढली. सगळ्यात चिवट निघाली ती टॉवेलवरची.