सामानापाशी राहिलेला माणूस

आजचं वाचन : 1 शमुवेल 30:9-25



आजच्या अध्यायात दावीद आणि त्याची माणसं पार थकलेली आहेत. सिकलाग जळून गेलंय, बायकामुलं अमालेकी लोकांनी पळवून नेलीत आणि सहाशे जण त्यांच्या मागावर निघालेत. बसोर ओहोळापाशी येईपर्यंत दोनशे जणांच्या पायांत त्राणच उरत नाही. ते तिथेच सामानापाशी थांबतात. बाकीचे चारशे पुढे जातात, लढतात आणि गेलेलं सगळं परत आणतात. परतल्यावर काही जण कुरकुर करतात की मागे राहिलेल्यांना लुटीतलं काही द्यायचं नाही. दावीद ते ऐकत नाही. जे मिळालं ते प्रभूने दिलंय, त्यामुळे लढायला गेलेल्याचा आणि सामान राखणाऱ्याचा वाटा सारखाच, असा तो नियमच करून टाकतो.

हा अध्याय वाचला की मला अँड्र्यू फुलर आठवतो. विल्यम केरीबरोबर त्याचं नाव नेहमी येतं, पण बहुतेक वेळा एका ओळीपुरतंच. केरी आपल्याला जवळचा आहे. त्याने 1805 मध्ये मराठीचं व्याकरण छापलं, 1810 मध्ये मराठी शब्दकोश काढला आणि 1811 मध्ये श्रीरामपूरहून मराठी नवा करार बाहेर पडला. या कामात पंडित वैजनाथ यांची त्याला मोठी मदत होती. बंगालमधल्या एका छापखान्यात आपल्या भाषेत वचन छापलं जात होतं, तेव्हा त्याच्या मागे हजारो मैलांवर एक माणूस पत्रं लिहीत, दारोदार फिरत, पै-पै गोळा करत होता. तो फुलर. त्याने हिंदुस्थान कधी पाहिला नाही.

फुलरचा जन्म 6 फेब्रुवारी 1754 रोजी इंग्लंडमध्ये केंब्रिजजवळच्या विकेन गावी एका शेतकरी कुटुंबात झाला. अंगाने धिप्पाड, कुस्तीची आवड, शिक्षण बेताचंच. कॉलेजची पायरी तो कधी चढला नाही. पंधराव्या-सोळाव्या वर्षी तारणाचा अनुभव आला, बाप्तिस्मा झाला आणि 1775 मध्ये तो सोहम इथल्या लहानशा मंडळीचा पाळक झाला. 1782 मध्ये केटरिंगला गेला आणि मरेपर्यंत त्याच मंडळीचा पाळक राहिला.

त्या काळी त्याच्या पंथातल्या अनेक पाळकांची एक पक्की समजूत होती. देवाने ज्यांना निवडलंय त्यांना तो स्वतःच आणील, त्यामुळे विश्वास न ठेवणाऱ्याला ‘ख्रिस्ताकडे ये’ असं सांगण्याचं आपल्याला काम नाही. फुलर याच शिकवणीत वाढला होता. पण शुभवर्तमानं वाचताना त्याला दिसायला लागलं की प्रभु येशू तर सगळ्यांनाच बोलावतो, आणि प्रेषितही ज्याला-त्याला पश्चात्ताप करायला सांगतात. बरीच वर्षं या प्रश्नाशी झगडून त्याने 1785 मध्ये एक पुस्तक छापलं. त्याचा सारांश असा : सुवार्ता प्रत्येकासाठी आहे, म्हणून ती प्रत्येकाला सांगणं हे मंडळीचं कर्तव्य आहे. दोन्ही बाजूंनी टीका झाली. पण मिशनकार्याला पाठिंबा का द्यायचा, याचं उत्तर त्याला तिथेच मिळालं होतं. सुवार्ता जर सगळ्यांसाठी असेल, तर ती समुद्रापलीकडच्या माणसाची पण आहे.

पुस्तकाच्या आधीच प्रार्थना सुरू झाली होती. 1784 मध्ये नॉर्थॅम्प्टनशायर भागातल्या बॅप्टिस्ट मंडळ्यांनी ठरवलं की दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी एक तास एकत्र येऊन जगभर सुवार्ता पसरावी म्हणून प्रार्थना करायची. तेव्हा ना संस्था होती, ना पैसा, ना जायला तयार कोणी. आठ वर्षं हे असंच चाललं. मला हा भाग फार महत्त्वाचा वाटतो. आपण आठ आठवडे प्रार्थना करून काही घडलं नाही तर व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप थंड पडतो.

या मंडळ्यांमध्ये जोडे शिवणारा एक तरुण पाळक होता, विल्यम केरी. 1792 च्या मे अखेरीस नॉटिंगहॅमला त्याने यशया 54 वर उपदेश केला. तंबू मोठा कर, दोऱ्या लांब सोड, मेखा घट्ट ठोक, असा त्या वचनाचा आशय. दुसऱ्या दिवशी सगळे पाळक काही न ठरवताच उठायला लागले, तेव्हा केरीने कळवळून फुलरला विचारलं की या वेळीही काहीच करायचं नाही का? फुलर थांबला. पुढच्या बैठकीत मिशन संस्थेची योजना मांडायची, असा ठराव त्याच दिवशी झाला.

आता त्या वर्षी फुलरच्या घरात काय चाललं होतं ते बघा. त्याची बायको सारा गरोदर होती आणि तिचं मन पार बिघडलं होतं. शेवटी शेवटी ती स्वतःच्या नवऱ्याला आणि घरालाही ओळखत नव्हती. 23 ऑगस्ट 1792 रोजी, बाळंतपणानंतर लगेच, ती वारली. थोड्याच आठवड्यांत ती तान्ही मुलगीही गेली. साराला झालेल्या अकरा मुलांपैकी आठ लहानपणीच दगावली.

आणि 2 ऑक्टोबर 1792 रोजी, साराला जाऊन सहा आठवडेही झाले नव्हते, तेव्हा केटरिंगमधल्या वॉलिस नावाच्या एका विधवा बाईंच्या घरातल्या मागच्या खोलीत चौदा माणसं जमली. बहुतेक सगळे खेड्यातले गरीब पाळक. प्रत्येकाने आपण किती देणार ते कागदावर लिहिलं आणि ते कागद फुलरच्या तपकिरीच्या डबीत ठेवले. बेरीज झाली 13 पौंड 2 शिलिंग 6 पेन्स. तेसुद्धा रोख नाही, फक्त वचन. फुलर संस्थेचा सचिव झाला.

तो प्रसंग फुलर पुढे एका चित्राने सांगायचा. कोणी न उतरलेल्या खोल खाणीच्या तोंडाशी काही माणसं उभी आहेत. केरी म्हणतो की मी उतरतो, पण दोर तुम्ही धरायचा. वर राहिलेल्यांनी तो मरेपर्यंत न सोडण्याचा शब्द दिला.

1793 च्या जूनमध्ये केरी निघाला आणि नोव्हेंबरात बंगालला पोचला. इकडे फुलरचं काम सुरू झालं. लंडनमध्ये तो घरोघरी वर्गणीसाठी फिरायचा. नामवंत पाळक थंडपणे वाटेला लावायचे, तेव्हा लोकांना दिसू नये म्हणून एखाद्या बोळात शिरून रडायचा आणि पुढच्या दाराकडे जायचा. 1799 ते 1813 या काळात त्याने पाच वेळा स्कॉटलंडचा दौरा केला. आयर्लंडला आणि वेल्सलाही गेला. घरी असला की दिवसाचे दहा-बारा तास टेबलाशी. मिशनऱ्यांना पत्रं, देणगीदारांना पत्रं, मंडळीचे उपदेश, पुस्तकं. मिशनऱ्यांमध्ये भांडण झालं की समजूत घालायची तीही पत्राने, आणि उत्तर यायला कितीतरी महिने.

1806 च्या वेल्लोरच्या बंडानंतर इंग्लंडमध्ये काही वजनदार लोकांनी मिशनऱ्यांना परत बोलवा अशी ओरड केली. तेव्हा 1808 मध्ये फुलरने त्यांची बाजू मांडणारं पुस्तक लिहिलं. 11 मार्च 1812 रोजी श्रीरामपूरच्या छापखान्याला आग लागली. अनेक भाषांचे टाइप, कागद, केरीची वर्षानुवर्षांची हस्तलिखितं राख झाली. मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. बॅकअप नसताना डेटा जाणं म्हणजे काय, ते मला वेगळं सांगायला नको. मात्र टाइप ओतण्याचे मूळ ठसे वाचले होते. बातमी सप्टेंबरमध्ये इंग्लंडला पोचली, आणि थोड्याच आठवड्यांत वेगवेगळ्या पंथांच्या मंडळ्यांनी मिळून नुकसानीइतके, साधारण दहा हजार पौंड जमवले. वीस वर्षांपूर्वी जिथे तेरा पौंडांचा शब्द मिळाला होता, तिथे आता पुरे म्हणायची वेळ आली. हे एका रात्रीत झालं नाही. त्यामागे वीस वर्षांची पत्रं आणि पायपीट होती.

याची किंमत त्याने मोजली, हेही सांगायला हवं. त्याच्या सततच्या फिरण्यामुळे केटरिंगच्या मंडळीची आबाळ होते, ही खंत होती. मुलगा रॉबर्ट भरकटला, आरमारात गेला आणि 1809 मध्ये समुद्रावरच वारला. तिकडे बंगालमध्ये मुलगा पीटर गेल्यावर केरीची बायको डॉरथी हिचंही मन बिघडलं, ते पुन्हा सावरलं नाही. दोराच्या दोन्ही टोकांना एकच दुःख होतं. म्हणून मिशनकार्याला पाठिंबा म्हणजे फक्त काम वाढवणं नाही. जाणाऱ्याच्या आणि राहणाऱ्याच्या घरातली माणसंही सांभाळायची असतात, आणि हे त्या काळी फार कमी जणांना जमलं.

7 मे 1815 रोजी फुलर केटरिंगमध्ये वारला. वय 61. दोर त्याने सोडला नाही.

मग आपण काय करायचं? आपल्यापैकी बरेच जण पुण्यात, मुंबईत, बंगळुरूमध्ये नोकरी करतो. ईएमआय आहेत, आईवडील आहेत, सगळ्यांनाच जाता येणार नाही. फुलरच्या आयुष्यातून मी चार गोष्टी घेतल्या आहेत.

पहिली, वेळ ठरवून प्रार्थना. महिन्यातून एक तास, कॅलेंडरवर टाकून, मिशनऱ्याचं नाव, त्याचं गाव, त्याच्या मुलांची नावं घेऊन.

दुसरी, लहान पण नियमित अर्पण. एकदाच भावनेच्या भरात दिलेल्या मोठ्या रकमेपेक्षा दरमहा जाणारी छोटी रक्कम त्या कुटुंबाला महिन्याचा हिशोब मांडू देते. कुठे देतोय ते मात्र नीट तपासा, हिशोब मागा. फुलर स्वतः देणगीदारांना पत्रांतून कामाची माहिती देत असे.

तिसरी, संपर्क. अहवाल आला की वाचा, उत्तर द्या, फोन करा, कसा आहेस ते विचारा.

चौथी, शिकून घ्या. मिशनकार्याबद्दल ऑफिसात किंवा घरात प्रश्न येतात, काही अगदी रास्त असतात. न चिडता, माहितीने, प्रेमाने उत्तर देता आलं पाहिजे.

आणि आता आपण फक्त घेणारे राहिलो नाही. 25 डिसेंबर 1905 रोजी त्याच श्रीरामपूरमध्ये भारतीय ख्रिस्ती लोकांनी नॅशनल मिशनरी सोसायटी स्थापन केली, भारतीयांच्याच पैशावर आणि भारतीयांच्याच नेतृत्वाखाली. पाठवण्याचं काम तेव्हापासून आपल्याही हातात आहे.

बसोर ओहोळापाशी बसलेल्या त्या दोनशेंना दावीद परत आल्यावर आधी क्षेमकुशल विचारतो, वाट्याचं बोलणं नंतर. तुम्ही ज्यांच्यासाठी प्रार्थना करता अशा एका मिशनरी कुटुंबाचं नाव आज वहीत लिहा. तसं नाव नसेल, तर येत्या रविवारी आपल्या पाळकांना विचारा.

प्रार्थना : हे प्रभू, जे दूर गेले आहेत त्यांना बळ दे. आम्ही जिथे आहोत तिथे आम्हाला विश्वासू ठेव. हात दुखले तरी दोर सुटू देऊ नकोस. त्यांची आणि आमची घरं तुझ्या छायेखाली राख. येशूच्या नावाने मागतो, आमेन.